शरदातली भटकंती : कोणाची आणि कशासाठी?

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या चाचणी परीक्षेत मी निबंधासाठी एक विषय दिला होता : 'शरद ऋतूतील माझी भटकंती'. विषय माझाच, आणि चूकही माझीच. साठ-पासष्ट उत्तरपत्रिका तपासताना लक्षात आले, की वर्गातील सारी मुले एकाच वाटेने भटकून आली आहेत. प्रत्येकाच्या निबंधात टिपूर चांदणे होते, प्राजक्ताचा सडा होता, दवात न्हालेले गवत होते आणि शेवटी कोजागरीचे आटीव दूध होते. आमच्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मुले दुष्काळी तालुक्यांतून येतात. त्यांच्या गावात आश्विनात काय दिसते हे मला ठाऊक आहे, कारण मी तशाच गावातून आलो आहे. हे चांदणे आणि हे दूध कोठून आले, हेही मला ठाऊक होते. ते गाइडातून आले होते, आणि गाइडात ते आमच्या ललित निबंधातून आले होते.

त्यातल्या एका मुलाला मी बोलावून घेतले. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. मी म्हणालो, "हे तू पाहिलेलं आहेस का?" तो खाली मान घालून म्हणाला, "नाही सर." "मग पाहिलेलं का नाही लिहिलंस?" तेव्हा त्याने मान वर केली. "सर, दसरा झाला की माय-बाप गाडीत बसतात. मी गाडीमागं फाट्यापर्यंत चालत जातो. तेवढीच माझी भटकंती. ती लिहिली असती तर मार्क दिले असते का?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. झाडे, फुले, पाखरे आणि आभाळ यांच्या आधाराने मराठी महिन्यांची रूपे त्यात उभी राहिली. मी हे पुस्तक विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. दुर्गाबाईंची नजर उसनी नाही. त्यांनी झाड ओळखलेले आहे, मग त्याविषयी लिहिलेले आहे. माझी तक्रार त्या पुस्तकाशी नाही. त्यानंतर दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि पाठ्यपुस्तकांतून ऋतुवर्णनाची जी रांग लागली, तिच्याशी आहे. या लेखनातला 'मी' शरद आला की पाठीवर पिशवी टाकतो किंवा सायकल काढतो आणि गावाबाहेर पडतो. त्याला गवत भेटते, ओढा भेटतो, एखादा 'साधाभोळा' गुराखी भेटतो. गुराखी त्याला भाकरी देतो, 'मी' भारावतो आणि संध्याकाळी घरी परततो.

या 'मी'ने चार गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. वेळ त्याच्या मालकीचा आहे. वाटेत त्याला 'कोण रे तू, कुणाचा?' असे कोणी विचारणार नाही. तहान लागली तर त्याला पाणी मिळेल. आणि परतायला घर आहे. या चार गोष्टी त्याला हवेसारख्या मिळालेल्या असल्यामुळे त्या त्याच्या लेखनात कोठेही येत नाहीत. आमच्या लोकांना यांतली एकही गोष्ट फुकट मिळालेली नाही. म्हणून आमचे लोक चालतात तेव्हा लेखनात प्रथम या चार गोष्टीच येतात आणि फुलापर्यंत पोहोचायला उशीर होतो. हा उशीर म्हणजे सौंदर्यदृष्टीचा अभाव, असा निष्कर्ष आमच्याविषयी काढला जातो. 'दलित साहित्यात निसर्ग नाही' हे वाक्य मी विद्यार्थी असताना ऐकले आणि आता अध्यापकांच्या खोलीत ऐकतो.

येथे मला माझाच शरद सांगितला पाहिजे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या रांगेत आमचे गाव. पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली उचल दसऱ्यापर्यंत खाऊन संपलेली असे. मुकादमाच्या वहीत माझी माय आणि बा ही दोन माणसे नव्हती. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होता. आश्विन सरता सरता कोयते निघत. पट्टा पडून ते परत येत तेव्हा उन्हाळा लागलेला असे. मी आजीपाशी राहिलो म्हणून शाळेत राहिलो, एवढाच माझ्या शिक्षणाचा इतिहास. शरद म्हणजे घरातली दोन माणसे कमी होण्याचा ऋतू, ही माझी पहिली ऋतुजाणीव आहे.

पण त्या शरदात निसर्ग नव्हता असे कोण म्हणेल? आजी दुसऱ्यांच्या बांधावरचे गवत कापून भारे विकत असे. कुसळी पिकण्याआधीच कापावी, नाहीतर तिची कुसळे ढोराच्या तोंडात रुततात, हे तिने मला शिकवले. मारवेल कोणता आणि पवन्या कोणता, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकलो. सीताफळाचे डोळे उघडले की फळ उतरायचे, त्याआधी हात लावायचा नाही, हेही तिचेच. माळावर तरवड पिवळाधमक फुलत असे. गावातल्या बायका नवरात्रात त्याच्या फुलांच्या माळा करीत. आजी मात्र त्या झाडाकडे बघून सालीविषयी बोले, कारण तरवडाच्या सालीने कातडे कमावतात आणि आजीच्या लहानपणी ढोरवाड्यातली माणसे ती साल काढायला माळावर येत असत. एकच झाड, एकाला त्याचे फूल दिसते, दुसऱ्याला साल दिसते. साल दिसणाऱ्याला निसर्ग दिसत नाही, असे म्हणणारी समीक्षा निसर्गाविषयी बोलत नसून स्वतःच्या सवयीविषयी बोलत असते.

या दृष्टीने आमची आत्मकथने पुन्हा वाचावीत असे मी सुचवतो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) जातिव्यवस्थेचा आणि जातपंचायतीचा दस्तऐवज म्हणून वाचले गेले, आणि ते योग्यच झाले. पण ते चालण्याचेही पुस्तक आहे. गाढवांवर संसार लादून कैकाड्यांचे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. टोपल्या विणायच्या तर फोक पाहिजेत, आणि फोक पाहिजेत तर ते कोठे मिळतात, कोणते वाकतात, कोणते मोडतात, हे जाणले पाहिजे. ओढ्याकाठचा सारा निसर्ग त्या हातांत आहे. त्याचे वर्णन थांबून केलेले नाही, कारण थांबण्याची परवानगीच नाही. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'मधला (१९७९) पोरका मुलगा अन्नासाठी आणि शाळेसाठी या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे जातो. त्याच्या वाटेवर झाडे नव्हती काय? होती, पण पोचल्यावर भाकरी मिळेल की नाही, हा प्रश्न झाडापेक्षा उंच होता. प्रस्थापित निसर्गलेखनातला निसर्ग थांबलेल्या माणसाने पाहिलेला आहे आणि आमच्या लेखनातला निसर्ग चालायला भाग पडलेल्या माणसाने पाहिलेला आहे. हा फरक दृष्टीच्या कमी-अधिकपणाचा नसून सवडीचा आणि सत्तेचा आहे.

'भटकंती' हा शब्दच तपासून पाहा. गिर्यारोहकांच्या आणि सायकलवाल्यांच्या तोंडी तो किती हलका, किती आनंदाचा आहे! पण याच देशात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्या कायद्याने कितीतरी जमातींचे भटकणे हाच गुन्हा ठरवला. हजेरी द्यायची, पास घ्यायचा, हद्द ओलांडली तर शिक्षा. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण पालावर येणारा संशय रद्द झाला नाही. एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एकाला ते छंद देते आणि दुसऱ्याला पोलीस ठाणे दाखवते. 'भटके' ही ज्यांची ओळख ठरली त्यांना भटकंतीच्या वाङ्मयात जागा मिळाली नाही, याचे आश्चर्य समीक्षकांना अजून कसे वाटले नाही?

गेल्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मी आणि एक सहकारी सायकलींवरून दौलताबादला गेलो. माझी सायकल जुनी, दुसऱ्याच्या हातची. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातून छावणी, मिटमिटा, शरणापूर असा रस्ता आहे. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. पाऊस सरला होता. ऑक्टोबरचे ऊन आठ वाजताच चावत होते. डोंगरावरचे गवत वरून पिवळे आणि बुडाशी हिरवे होते, तुरीला फुलोरा येऊ लागला होता, रस्त्याकडेला सीताफळांच्या आणि पेरूंच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. एका डबक्याच्या काठी धोबी पक्षी शेपटी खालीवर करीत पळत होता. दरवर्षी या दिवसांत तो उत्तरेकडून येतो. त्याला कोणी हद्द विचारत नाही, ही माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट. मी कबूल करतो, की फुलापाशी आणि पाखरापाशी मीही उशिरानेच पोहोचतो.

किल्ल्याच्या दरवाजापाशी मी थांबलो. याच दरवाजात १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर आले होते. चळवळीतील सहकाऱ्यांसह सुमारे तीस जणांची ती सहल होती; वेरूळची लेणी पाहायची होती आणि वाटेत हा किल्ला. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती. दरवाजापाशी पाण्याने भरलेला हौद दिसला. मंडळींनी हातपाय, तोंड धुतले. थोड्याच वेळात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अखेर आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, त्यांना किल्ला दाखवण्यात आला. हिंदूंना जो अस्पृश्य तो मुसलमानांनाही अस्पृश्यच, हा त्या प्रसंगाचा अर्थ बाबासाहेबांनी स्वतः सांगितला आहे.

हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आठवणींत आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिका १९९० साली प्रसिद्ध केली. आपण ती अन्यायाची कैफियत म्हणून वाचतो. मी ती प्रवासवर्णन म्हणूनही वाचावी असे म्हणतो. तिचे शीर्षकच प्रवासाच्या परवान्याचे आहे. लहानपणी वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांची बैलगाडी, बडोद्यातील पारशी खानावळ, १९२९ सालचा चाळीसगावचा टांगा, १९३४ सालचे दौलताबाद : हे सारे प्रवासाचे प्रसंग आहेत. आणि मी वर ज्या चार गोष्टी म्हटल्या, त्या सगळ्या येथे उघड्या पडल्या आहेत. ओळख विचारली जाते, पाणी नाकारले जाते, निवारा नाकारला जातो. चाळीसगावला तर टांगेवाल्यांनी अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला, म्हणून हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला आणि अपघात झाला. मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या पुस्तिकेची दखल घेतली पाहिजे. त्या वाङ्मयप्रकाराने जे गृहीत धरले, तेच येथे प्रश्न म्हणून उभे आहे.

आज त्या दरवाजातून तिकीट काढून कोणीही आत जातो. मीही गेलो. बाटलीतल्या पाण्याने हात धुताना माझा हात क्षणभर थांबला, एवढेच.

संध्याकाळी घरी आलो. बा आता माझ्यापाशीच राहतो. त्याने विचारले, "कुठं गेल्ता?"

"दौलताबादला. सायकलवर."

"काय काम निघालं?"

"काम नाही. बघायला."

"सुट्टीच्या दिशी? पायडल मारीत? बिनकामाचं?" तो हसला. मग बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्या बी लई हिंडलो. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटक. पर बघितलं काय? ऊस."

याच बाने तरुणपणी एक जुनी सायकल घेतली होती. मारुतीच्या पारापुढे आला की तो खाली उतरे, सायकल हाताने ढकलत नेई आणि पार मागे पडला की पुन्हा टांग मारी. तसे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते. न सांगता कळत होते. मी मात्र पंधरा किलोमीटर एकदाही न उतरता गेलो. माझी भटकंती ही त्याच्या तीस हंगामांची कमाई आहे, हे मला त्या रात्री कळले. आणि मग एक अपराधी भावना मनात आली. आपण चोचले करीत आहोत काय?

आपल्या चळवळीतही असा विचार आहे. चंद्र, फुले, डोंगर हे अभिजनांचे विषय. आपल्या लेखणीला दुसरी कामे आहेत, असे काही मित्र म्हणतात. खोट्या चंद्राला नकार देणे हे त्या काळी आवश्यकच होते आणि त्या नकारानेच मराठी कविता खरी बोलू लागली. पण नकार हा कायमचा मुक्काम झाला तर काय होईल? ज्यांनी आमच्याकडून पाणी घेतले, वाट घेतली, त्यांच्या नावावर आपण शरदही करून देणार काय? हे मला मान्य नाही. आणि मान्य नसण्याचे कारण केवळ भावनेचे नाही, ते परंपरेचे आहे.

आश्विन पौर्णिमेला कोजागरी म्हणतात हे गाइडात आहे. त्याच पौर्णिमेला आपला वर्षावास संपतो, हे गाइडात नाही. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने गावोगावच्या विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. माझ्या आजीने वाचायला न येताही तो ग्रंथ असाच ऐकला. वर्षावासाचे कारण विनयपिटकात सांगितले आहे. पावसाळ्यात चालणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवे गवत तुडवले जाते, लहान जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून त्या महिन्यांत एका जागी राहण्याचा नियम झाला. कोवळ्या गवतासाठी पाय थांबवणे, याहून मोठी निसर्गदृष्टी कोणती? आश्विनात पवारणा झाली, एकमेकांपुढे दोष कबूल करून झाले, की मग पुन्हा चारिका सुरू. शरदात पायी निघण्याची ही परंपरा किमान अडीच हजार वर्षांची आहे. तिच्यातले चालणे सक्तीचे नव्हते आणि नुसत्या करमणुकीचेही नव्हते. ते बहुजनांच्या हितासाठी होते.

ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि पायांनी समजणे वेगळे. दौलताबादनंतर पंधरा दिवसांनी मी कन्नडच्या पुढे पितळखोऱ्याला गेलो. गौताळ्याच्या जंगलातल्या त्या लेण्यांना पायऱ्या उतरून जावे लागते. पावसाळ्यात कोसळणारे पाणी ऑक्टोबरात बारीक धारेवर आले होते. माझ्या पायजम्याला कुसळे चिकटली होती आणि मला आजीची आठवण येत होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये पैठणचा एक गंधी आहे. तेथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचे नाव आहे : कान्हदास, धंद्याने सोनार. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कारागिराचे नाव ज्या दगडावर बसते, तो दगड आमचा आहे असे मला वाटले. याच दरीतून भिक्खू शरदात वर चढून वाटेला लागत असतील. चाळीसगाव तेथून घाट उतरला की लागते. एका वाटेवर चारिका आहे आणि तिच्याच टोकाला १९२९ सालचा तो टांगा आहे. त्या ठिकाणी उभे राहून मला गवत आणि आभाळ मनापासून सुंदर वाटले, आणि या वेळी अपराधी वाटले नाही.

'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाले त्याच १९५६ सालच्या शरदात, १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला नागपुरात लाखो लोक जमले. कोणी रेल्वेने आले, कोणी भाकरी बांधून पायी आले. शरदाच्या वर्णनांत ही पायपीट मला आजवर वाचायला मिळालेली नाही. ती आपण लिहायची आहे. आई-आजीला विचारून लिहायची आहे : वाट कोणती होती, रात्री मुक्काम कोठे पडला, शेतात काय उभे होते, पाणी कोणी दिले.

म्हणून निसर्गलेखनाच्या समीक्षेला मी एवढेच सुचवतो. लेखनात फुले किती आली हे मोजू नका. चालणारा कोण आहे, त्याला वेळ कोणी दिला, वाटेतला गुराखी हा माणूस आहे की देखावा आहे, आणि लिहिणाऱ्याला झाडाची सालही ठाऊक आहे की फक्त फूल, हे विचारा. हे प्रश्न प्रस्थापितांना जसे विचारायचे तसे स्वतःलाही विचारायचे. मी आता पगारदार आहे. रस्त्याकडेला सीताफळे विकणाऱ्या बाईशी घासाघीस करून मीही तिला देखावा करू शकतो, हे मला विसरून चालणार नाही.

त्या मुलाला मी उत्तरपत्रिका परत दिली आणि जमेल तेव्हा पुन्हा लिहून आणायला सांगितले. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने दीड पान आणून दिले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. त्यात गाडीत भरलेली भांडी, शेळी, लहान बहीण आणि फाट्यापर्यंतचा रस्ता आहे. परत येताना कपाशीची बोंडे पांढरी दिसत होती असे त्याने लिहिले आहे, कारण गाडी रात्री निघाली होती आणि चांदणे होते. हे चांदणे गाइडातले नाही. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि वर्गात ते दीड पान वाचून दाखवले. पुढल्या शरदापूर्वी अशी शंभर पाने जमली, तर ती या अंकाच्या संपादकांकडे पाठवण्याचा माझा विचार आहे.